डोरिसचं विरजण

"डॉक, डोरिसच्या पोटातून एक पाय बाहेर आलाय," ग्लेन फोनवर म्हणाला. "आणि तो डोरिसचा नाहीये."

मी तेव्हा एका लॅब्रेडॉरच्या कानात टॉर्च घालून बसले होते. फोन स्पीकरवर होता. लॅब्रेडॉरच्या मालकीणबाई माझ्याकडे टक लावून बघायला लागल्या.

"नीट बघितलंस का?" मी विचारलं.

"तिचे दोन जागच्या जागी आहेत. हा तिसरा. आणि तो हलतोय."

मी जनावरांची डॉक्टर आहे. पुण्यात होते तेव्हा गाई-म्हशी आणि सोसायट्यांमधली लाडावलेली कुत्री बघायचे. न्यूझीलंडला आल्यावर पुन्हा परीक्षा दिली आणि आता हॅमिल्टनच्या एका क्लिनिकमध्ये तेच करते. गाई तशाच आहेत, मालक तेवढे उंच आहेत. पण अधूनमधून असं एखादं जनावर समोर येतं, ज्याच्याबद्दल आपण परीक्षेपुरतं एखादं पान वाचलेलं असतं आणि पेपर टाकून बाहेर पडताना तिथेच सोडून दिलेलं असतं.

डोरिस ही त्यातली. डोरिस म्हणजे वॉलबी, कांगारूची धाकटी चुलत बहीण. उड्या तशाच, शेपूट तशीच, पोटाला पिशवी तशीच, पण आकार चांगल्या पोसलेल्या बोक्याएवढा. तिच्या जातीला इथे डामा म्हणतात. शंभरेक वर्षांपूर्वी कुणा हौशी मंडळींनी ती ऑस्ट्रेलियातून आणून रोटोरुआच्या बाजूला सोडली. ऑस्ट्रेलियात तिला खाणारे पुष्कळ होते, इथे कुणीच नव्हतं. दिवसा दाट झाडीत दडून बसायचं, अंधार पडला की कुरणात येऊन चरायचं आणि जंगलातली नवी रोपं उगवतील तशी फस्त करायची, हा तिचा दिनक्रम. त्यामुळे शेजारच्या देशात नाण्यावर मिरवणारं हे घराणं इथे सरकारी गुन्हेगार आहे. रानात दिसली तर फोन करून कळवायचं. पाळायची असेल तर परवाना लागतो.

ग्लेनकडे तो परवाना आहे. हॅमिल्टनपासून अर्ध्या तासावर त्याचं छोटं फार्म आहे, शाळेतली मुलं बघायला येतात. अल्पाका, बकऱ्या, एक कायम चिडलेला एमू आणि तीन वॉलब्या: डोरिस, तिची मुलगी पर्ल आणि पर्लचा बाप बॅरी. डोरिसची आई लहानपणीच गेली. तेव्हा ग्लेनच्या बायकोने, मार्गीने, उशीच्या अभ्र्यात घालून आणि तो अभ्रा स्वयंपाकघराच्या दाराच्या मुठीला टांगून तिला बाटलीवर वाढवलं. मार्गी आता नाही. ग्लेन याबद्दल बोलत नाही, पण डोरिसचं गाजर तो स्वतः चिरतो.

गेल्या वर्षी परवान्यात नवी अट आली. आहेत ती जनावरं सांभाळा, वाढवू नका. म्हणून गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, म्हणजे इथल्या पानगळीत, मी बॅरीचं ऑपरेशन केलं होतं. आणि आता, यंदाच्या जुलैत, इथल्या ऐन थंडीत, डोरिसला तिसरा पाय फुटला होता.

फार्मवर पोचले तेव्हा ग्लेन गमबूट घालून फाटकाशीच उभा होता. आम्ही डोरिसला गोणपाटात घेतलं. कांगारूकुळातली जनावरं अंधाऱ्या पिशवीत गेली की शांत होतात, बालपण पिशवीत गेल्याचा परिणाम असावा. ग्लेनने तिला मांडीवर धरलं आणि मी तिच्या पोटावरच्या पिशवीत दोन बोटं घातली. आत ऊबदार, मऊ आणि दाटीवाटी. लांबलचक पाऊल, गुडघा, कान आणि एक नाराज डोळा. अंगावर बारीक लव आली होती. पिल्लू ठणठणीत होतं.

अशा पिल्लाचं वय त्याच्या पावलाच्या लांबीवरून काढतात. मी मोजलं. साधारण जानेवारी संपता संपता जन्म. ग्लेनला नवल वाटलं, कारण त्याला तेव्हा काहीच दिसलं नव्हतं. दिसणारही नव्हतं. वॉलबीचं पिल्लू जन्मतं तेव्हा राजम्याच्या दाण्याएवढं असतं. आंधळं, बिनकेसाचं. ते आईच्या केसांना धरून आपलं आपण पिशवीपर्यंत चढतं, स्तनाग्र तोंडात धरतं आणि पुढचे कित्येक महिने सोडत नाही. खरं बाळंतपण पिशवीतच होतं, पोटातला मुक्काम जेमतेम महिनाभराचा.

"महिनाभर," ग्लेन म्हणाला आणि हातमोजे घातलेली बोटं दुमडायला लागला. "म्हणजे भानगड ख्रिसमसच्या सुमाराची."

"हो."

"आणि बॅरीचं काम तू केलंस त्याच्या आधी."

"बरंच आधी."

"मग तुझं काम नीट झालं नसणार."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्यानेच मला जास्त लागलं. आम्ही बॅरीला धरलं. या कुळात नराच्या अवयवांची मांडणी उलटी असते, इतर जनावरांत जे मागे ते इथे पुढे, त्यामुळे बघायला फार शोधावं लागत नाही. मी बघितलं, चाचपलं, पुन्हा बघितलं. जिथे काही नसायला हवं तिथे काहीही नव्हतं. बॅरीने हा सगळा अपमान कान पाडून सहन केला.

"माझं काम नीट झालंय," मी म्हणाले.

"मग बाहेरचा नर आत आला असेल," ग्लेन म्हणाला आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा पडला.

कारण ते जास्त वाईट होतं. ऑपरेशन फसलं असतं तर बोल मला लागला असता, दुसऱ्यांदा केलं असतं, विषय संपला असता. पण रोटोरुआकडच्या रानातला नर इथवर पोचला आणि कुंपण ओलांडून आत आला असं ठरलं, तर कुंपण कुचकामी. कुंपण कुचकामी तर परवाना रद्द. परवाना रद्द झालेल्या वॉलब्यांना दुसरीकडे कुठे पाठवता येत नाही. त्यांना झोपवतात. झोपवतात हा आमच्या धंद्यातला शब्द आहे, त्यातून कुणी उठत नाही.

"मी हेमीला फोन केलाय," ग्लेन म्हणाला. हेमी म्हणजे परवाने तपासणारा सरकारी अधिकारी. "गुरुवारी येतोय."

"मला विचारायचंस तरी आधी."

"कळवायचं असतं, कळवलं." त्याने गोणपाटावरून हात फिरवला. "मार्गीने कळवलंच असतं."

क्लिनिकवर परतले तर माझी बॉस हेलन वाट बघत होती. लॅब्रेडॉरच्या मालकीणबाईंनी तिसऱ्या पायाची बातमी रिसेप्शनवर देऊन ठेवली होती.

"क्लायंटला सॉरी म्हणालीस का?" हेलनने पहिला प्रश्न विचारला.

"दोनदा. निघताना तिसऱ्यांदा."

हेलनने डोळे मिटले. "मेधा, चूक कुणाची ते ठरेपर्यंत या देशात सॉरी म्हणायचं नसतं. आपली इन्शुरन्स कंपनी आजारी पडते."

मी तिला काय सांगणार? आमच्याकडे दुसऱ्याचा पाय आपल्या पायावर पडला तरी आपणच सॉरी म्हणतो.

त्या दिवसांत माझ्या सासूबाई पुण्याहून हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात आमच्या घरी आल्या होत्या. त्यांची एक ख्याती आहे. लग्नाची तारीख आणि बारशाचं आमंत्रण यांच्यामध्ये किती महिने गेले, हे त्या अंगठ्याने बोटांची पेरं मोजून पाणी प्यायच्या आत सांगतात. आमच्या सहकारनगरच्या अख्ख्या सोसायटीचे महिने त्यांनी मोजलेले आहेत. जेवताना मी नवऱ्याला, निखिलला, डोरिसची गोष्ट सांगायला लागले आणि सासूबाईंचा अंगठा आपोआप पहिल्या पेरावर गेला.

"आई, वॉलबी आहे ती," मी म्हणाले.

"असू दे की. नवरा कुठे असतो तिचा?"

"तिथेच असतो. पण त्याचं ऑपरेशन झालंय."

"कुणी केलं?"

"मी."

सासूबाईंचा अंगठा थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आमटीकडे बघितलं. "नवीन देश आहे," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "होतं कधीकधी."

"आजी, मॉम इज ॲक्च्युअली रिअली गुड ॲट हर जॉब," माझी लेक ईरा म्हणाली. दहा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. त्या दिवशी कुठल्याही भाषेत चाललं असतं.

आता दह्याकडे वळायला हवं. सासूबाई येताना विरजणाचा रुमाल घेऊन आल्या होत्या, घरच्या दह्यात बुडवून वाळवलेला. ऑकलंड विमानतळावर त्यांनी तो स्वतःहून, कौतुकाने, अधिकाऱ्याला दाखवला. त्याने अदबीने घेतला आणि अदबीने पिंपात टाकला. ते दुःख अजून ओलं आहे. मग निखिलने ऑकलंडच्या सँडरिंगहॅम भागातल्या भारतीय दुकानातून दही आणलं आणि त्यावरून बऱ्याच खटपटीने सासूबाईंनी मनासारखं विरजण बनवलं. तेव्हापासून घरात एक नियम आहे. दही पानात वाढायच्या आधी चमचाभर स्टीलच्या वाटीत काढायचं आणि वाटी फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ठेवायची. तिला कुणी हात लावायचा नाही.

त्या दिवशी दही संपलं आणि निखिल फ्रिज उघडून वाटीकडे हात न्यायला लागला.

"ते नाही," सासूबाई ओरडल्या. "ते पुढचं आहे."

"आई, वीकेंडला आपण बाहेर आहोत. दही लावणार कधी तू?"

"कधी का लावेना. गप्प पडून राहतं ते थंडीत. कोमट दूध मिळालं की उठतं."

माझा घास हातातच राहिला. परीक्षेनंतर सोडून दिलेलं ते पान एकदम समोर आलं. त्यात एकच ओळ होती आणि तिच्याखाली मीच पेन्सिलने रेघ मारली होती. जेवण तसंच टाकून मी लॅपटॉप उघडला. सासूबाईंना वाटलं मी रागावले, त्या निखिलला कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, "मी काही वावगं बोलले का रे?"

ती ओळ अशी होती. डामा वॉलबी पिल्लाला जन्म देते, आणि काही तासांतच पुन्हा नराबरोबर जमते. नवा गर्भ धरतो, पण वाढत नाही. वाळूच्या कणाएवढा असतानाच थांबतो. पिशवीतलं पिल्लू पीत असतं तोवर त्याच्या पिण्यामुळेच हा गप्प राहतो. पिल्लू सुटं झालं तरी लगेच उठत नाही, कारण दिवसांचा हिशेब बसायचा असतो. डिसेंबरात इथे दिवस मोठ्यात मोठा होतो आणि मग उतरणीला लागतो, तेव्हा गर्भाला जाग येते. ख्रिसमसच्या सुमाराला. त्यानंतर महिनाभरात जन्म. दही संपायच्या आधी काढून ठेवलेलं विरजण, दुसरं काही नाही.

आता पुन्हा मोजा. गेल्या वर्षी जानेवारीअखेर डोरिसला पर्ल झाली. त्याच दिवशी बॅरीने आपलं कर्तव्य केलं. एप्रिलमध्ये मी बॅरीला टेबलावर घेतलं, तेव्हा पर्ल पिशवीत होती आणि तिचं धाकटं भावंड डोरिसच्या पोटात कणाएवढं होऊन झोपलेलं होतं. ग्लेनने बोटं बरोबर दुमडली होती. पण ख्रिसमसला बाप आला नव्हता, बाळ जागं झालं होतं. मला उशीर झाला नव्हता, बॅरीनेच घाई केली होती.

मी सासूबाईंना मिठी मारली. त्यांना कारण कळलं नाही, पण त्यांनी ती मारू दिली.

दुसऱ्या दिवशी हेलनला सांगितलं. ती म्हणाली, "सुंदर. आता हे असंच घडलं याचा पुरावा काय?" हेलनची हीच वाईट खोड आहे, ती बरोबर बोलते.

गुरुवारी हेमी आला. "किया ओरा," असा माओरी नमस्कार केला, डोरिसला बघितलं, कुंपणाला पूर्ण फेरी मारली. धिप्पाड, शांत माणूस. कुंपणात भोक नव्हतं, पण त्याचं समाधान झालं नाही.

"इथे बाहेरचा नर आला असेल तर मला ही सगळी दरी पिंजून काढावी लागेल. कॅमेरे, कुत्रे, सगळं," तो म्हणाला. "आणि ग्लेन, ह्या चौघांना मी ठेवू शकणार नाही. मला ते आवडणार नाही, पण करावं लागेल."

मी बोलायला लागले. गर्भ, दिवसाची लांबी, हार्मोन, सगळं सांगितलं. हेमी ऐकत होता, पण त्याच्या डोळ्यांत मला ती कोरी पाटी दिसली, जी माझ्या क्लायंटच्या डोळ्यांत बिल समजावताना दिसते. मग मी शास्त्र सोडलं आणि वाटी, फ्रिज, चमचाभर दही सांगितलं.

हेमी हसायला लागला. "माझी आँटी रेवेना नावाचा माओरी ब्रेड करते. बटाट्याच्या आंबवणावर फुगतो तो. त्या आंबवणाला ती बग म्हणते. दर वेळी थोडा बग बाजूला काढते, आणि त्याला कुणी हात लावला तर घरात राहायची सोय नाही."

"मग तुला कळलं."

"कळलं. पण आँटीचा बग मी रिपोर्टमध्ये लिहू शकत नाही, डॉक."

याची तयारी मी रात्रीच करून ठेवली होती. "पर्लला बघू," मी म्हणाले. "ती गेल्या ख्रिसमसपर्यंत वयात आलेली होती. या जातीच्या माद्या पहिल्या वर्षातच पिल्लाला तयार होतात. त्या वेळी कामाचा नर इथे असता, घरचा किंवा बाहेरचा, तर त्याने तिला सोडलं नसतं. आणि तिची पिशवी आज भरलेली असती. माझं म्हणणं खरं असेल तर ती रिकामी असेल. कारण तिच्यासाठी विरजण कुणी लावलेलंच नव्हतं."

"आणि भरलेली निघाली तर?"

"तर मी चूक. तिथून पुढे तू म्हणशील तसं."

ग्लेनने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी हे आधी त्याला सांगायला हवं होतं. खरंच हवं होतं. पण आता बोलून बसले होते.

पर्लला पकडायला वेळ लागला. ती डोरिसएवढी माणसाळलेली नाही, मागच्या पायाने ठोसा मारते. शेवटी ग्लेनने तिला गोणपाटात घेतलं आणि मांडीवर धरलं. मला भीती वाटत होती. पुस्तक वाचताना सगळं पटलेलं असतं, पण समोर केसाळ पोट असतं आणि त्यात काय आहे हे पुस्तकाला माहीत नसतं. मी बोटं आत घातली.

छोटी, कोरडी, घट्ट पिशवी. स्तनाग्रं मोहरीच्या दाण्याएवढी, कुणी कधीच न ओढलेली.

"रिकामी," मी म्हणाले.

"मला बघू दे," हेमी म्हणाला. त्याने हातमोजा चढवला, एक जाडजूड बोट अलगद आत घातलं आणि कोपरान् कोपरा चाचपला. पर्लने त्याला दंडावर लाथ मारली. "रिकामी," तो म्हणाला.

त्याने लगेच होकार दिला नाही. बॅरी, डोरिस आणि पिल्लाचे नमुने घेऊन डीएनएसाठी पाठवले, आणि निकाल येईपर्यंत आहे तसं राहू दे म्हणाला. जाताना मात्र मला म्हणाला, "तुझ्या सासूबाईंना सांग, माझी आँटी त्यांना भेटायला आवडेल अशी आहे." ते काही आठवडे ग्लेन मला दर सोमवारी फोन करायचा आणि निकालाबद्दल अवाक्षर न काढता एमूच्या तब्येतीबद्दल बोलायचा. एमूला काहीही झालेलं नव्हतं.

निकाल आला. बाप बॅरीच. परवाना कायम राहिला, अट एकच, पिल्लू नर असल्याने त्याचंही वेळेवर ऑपरेशन व्हावं. मी फार्मवर जाऊन सांगितलं तेव्हा ग्लेन कुंपणाला टेकून बॅरीकडे बघत राहिला.

"गुड ऑन यू, मेट," तो बॅरीला म्हणाला. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "मार्गी पोट धरून हसली असती."

"हे शेवटचं," मी त्याला सांगितलं. "या वेळी पुढचं विरजण लावायला कुणी नव्हतं."

त्याने मान हलवली. डोरिसच्या पिशवीतून आता पूर्ण डोकं बाहेर आलं होतं, आणि आई गवत खायला वाकली की तेही वाकून खात होतं. ग्लेनने त्याचं नाव योगर्ट ठेवलं. सासूबाईंच्या मते दही म्हणायला हवं होतं, पण फार्म ग्लेनचं आहे.

या प्रकरणातून मी एक शिकले. महिने मोजायच्या आधी प्राणी कोणता ते विचारावं. हेलनने हे वाक्य क्लिनिकच्या मीटिंगमध्ये स्वतःचं म्हणून वापरलं.

पण खरा परिणाम झाला तो दुसरीकडेच. त्या वर्षीच्या गणपतीला आम्ही हॅमिल्टनच्या मंडळाच्या हॉलमध्ये जेवायला बसलो होतो. पलीकडच्या टेबलावर एक नवं जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन आलं होतं. आमच्या शेजारच्या काकूंनी आवाज खाली आणला.

"यांचं लग्न तर फेब्रुवारीत झालं ना हो?" त्या म्हणाल्या आणि अपेक्षेने सासूबाईंकडे बघायला लागल्या. टेबलावरच्या सगळ्याच बघायला लागल्या. इतक्या दिवसांत त्यांची ख्याती इथेही पोचली होती.

सासूबाईंचा अंगठा पहिल्या पेरावर गेला. तिथे क्षणभर थांबला. मग त्यांनी हात पुढे करून ताटातला दुसरा मोदक उचलला.

"असतं हो एकेकीचं आधीच काढून ठेवलेलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तूप वाढा."